विश्लेषण : बेंजामिन फ्रँकलिन यांच्या शेगडीला धुराने का दगा दिला?

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की पतंग आणि वीज आठवते. पण १७५२च्या त्या प्रयोगाच्या दहा वर्षे आधीपासून ते एका घरगुती प्रश्नाच्या मागे लागले होते. एवढे लाकूड जळूनही खोली ऊबदार का होत नाही?

मूळ अडचण काय होती?

१७०६ मध्ये बोस्टनमधील मेणबत्त्या आणि साबण बनवणाऱ्याच्या घरी जन्मलेले फ्रँकलिन सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला आले आणि पुढे तेथेच छापखान्याचे मालक झाले. त्या शहराचा हिवाळा कडक. घरोघरी भिंतीत मोठे उघडे फायरप्लेस असे. त्यापुढे बसले की तोंड भाजे आणि पाठ गारठे. तापलेली हवा थेट धुराड्यातून निघून जाई आणि तिची जागा घ्यायला दाराखिडक्यांच्या फटींतून थंड वारा आत शिरे. शहराभोवतीचे जंगल तुटत गेले तसे लाकूड लांबून आणावे लागे आणि ते महाग पडे.

शेगडीची रचना कशी होती?

१७४२च्या सुमारास फ्रँकलिन यांनी बिडाचे ओतीव तक्ते जोडून एक पेटी तयार केली. ती जुन्या फायरप्लेसमध्ये बसवायची. जाळाच्या मागे एक पोकळ हवापेटी होती. जमिनीखालच्या वाटेने बाहेरची हवा तिच्यात येई, तापे आणि बाजूच्या भोकांतून खोलीत पसरे. धूर मात्र हवापेटीवर चढून, तिच्या मागून खाली उतरून मगच धुराड्याकडे जाई. या वळशात धुरातली उष्णता लोखंडात उतरावी, हा हेतू.

लोखंडाची भट्टी असलेले मित्र रॉबर्ट ग्रेस यांना त्यांनी हा नमुना देऊन टाकला. १७४४ मध्ये शेगडी बसवण्याची आणि वापरण्याची माहिती देणारी पुस्तिका छापली. गव्हर्नरांनी देऊ केलेले पेटंट नाकारले. इतरांच्या शोधांचा आपण फुकट लाभ घेतो, तर आपलाही तसाच द्यावा, असे त्यांचे मत होते. लंडनच्या एका लोखंड व्यापाऱ्याला असा संकोच नव्हता. किरकोळ फेरफार करून त्याने पेटंट मिळवले आणि चांगले पैसे केले.

मग बिनसले कुठे?

गरम धूर वर जातो. त्याला खाली उतरवायचे तर पुढचे धुराडे चांगले तापलेले हवे, तरच ते धूर ओढून घेते. जाळ मोठा असेपर्यंत ठीक. आग मंदावली किंवा ओले लाकूड पडले की धूर खोलीत. गार धुराड्यावर पहाटे शेगडी पेटवणाऱ्याचे हाल वेगळे सांगायला नकोत. पुढच्या कारागिरांनी हवापेटी आणि उलटी वाट दोन्ही काढून टाकली. ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ या नावाने नंतर खपलेल्या बहुतेक शेगड्यांत फ्रँकलिन यांची मूळ कल्पना उरलीच नव्हती.

त्यांनी धुराड्याचा नाद सोडला का?

नाही. काजळी धरलेले धुराडे पेट घेते, म्हणून ते वेळच्या वेळी साफ करावे आणि साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत, असे त्यांनी १७३५ मध्येच सुचवले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी नागरिकांचे अग्निशमन पथक उभारले आणि १७५२ मध्ये आगविमा संस्था काढण्यात पुढाकार घेतला.

१७८५ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, फ्रान्सहून परतताना त्यांनी जहाजावर धुराड्यांवरच दीर्घ लेखन केले. खोलीत धूर कोंडण्याची नऊ कारणे त्यांनी दिली. पहिले कारण नव्या घट्ट बांधणीचे घर : आत हवा यायला फटच नसेल, तर धूर बाहेर जाणार कसा? शिवाय फायरप्लेसचे तोंड फार मोठे, धुराडे आखूड, शेजारची इमारत किंवा टेकडी त्याहून उंच, दार चुकीच्या जागी, अशीही कारणे होती.

त्याच प्रवासात त्यांनी स्वतःचा धूर जाळणाऱ्या कोळशाच्या शेगडीचे वर्णनही लिहून काढले. ती पेटवण्याआधी वरच्या भोकावर ज्योत धरून ती आत ओढली जाते का, हे पाहायचे होते. त्या शेगडीतही धूर खालीच उतरत होता. १७९० मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.