विश्लेषण : नाताळचा ख्रिस्ती अर्थ काय? वरोऱ्याच्या बाबा आमटेंच्या आयुष्यात तो कसा दिसतो?

२५ डिसेंबरला जगभर नाताळ साजरा होतो. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, बाबा आमटे यांची जयंती असते. त्यांचे आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा शहराला लागूनच आहे. या दोन तारखा शेजारी येणे हा निव्वळ योगायोग. बाबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता आणि आनंदवन ही कुठल्याही धर्माची संस्था नाही. तरीही येशूचा जन्म कशासाठी झाला, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्म जे उत्तर देतो, ते बाबांच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहिले की बरेच सोपे होते. नाताळचा मूळ अर्थ काय, बायबलमध्ये कुष्ठरोग्याच्या स्पर्शाला इतके महत्त्व का आणि वरोऱ्यातील एका वकिलाच्या आयुष्यात नेमके काय घडले, याविषयी…

नाताळला ख्रिस्ती लोक नेमके काय साजरे करतात?

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा अर्थ जन्म. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेही दिलेली नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याची नोंद चौथ्या शतकातील आहे.

मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत जन्माची कथा येते. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला पोहोचले तेव्हा सराईत जागा नव्हती. बाळ जन्मले आणि त्याला गव्हाणीत, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या जागेत, ठेवावे लागले. लूकच्या सांगण्यानुसार ही बातमी सर्वांत आधी मिळाली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. मत्तय सांगतो की राजा हेरोद बाळाच्या जिवावर उठला आणि या कुटुंबाला मिसर देशात पळून जावे लागले.

या कथेमागची ख्रिस्ती श्रद्धा 'देहधारण' या शब्दात सांगितली जाते. माणसाने तप, विद्या किंवा पुण्य यांच्या पायऱ्या चढत देवापर्यंत जावे, असे ती म्हणत नाही. देवच खाली उतरला, माणसाचा देह घेऊन माणसांत राहिला, असे ती मानते. भूक, थकवा, अपमान आणि मरण हे सगळे त्याने स्वतः भोगले. म्हणूनच येशूला 'इम्मानुएल' हेही नाव दिले जाते. त्याचा अर्थ, देव आपल्याबरोबर आहे.

मग येशूचा जन्म कशासाठी?

'येशू' या नावाचा अर्थच देव तारण करतो, असा आहे. ख्रिस्ती शिकवणीनुसार पापामुळे माणूस देवापासून तुटला आणि माणसे एकमेकांपासूनही तुटली. हे अंतर माणसाला स्वतःच्या बळावर पार करता येत नव्हते, म्हणून देवाने ते पार केले. त्यामुळे ख्रिस्ती माणसासाठी गव्हाणी आणि क्रूस या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. गव्हाणीत सुरू झालेला प्रवास यरुशलेमच्या वेशीबाहेर, क्रूसावर पोहोचतो आणि पुनरुत्थानाने पूर्ण होतो.

सुरुवातीला सराईत जागा नाही आणि शेवटी शहराबाहेर मरण. या दोन टोकांच्या मध्ये येशू ज्या लोकांत वावरला, त्यांतही वेशीबाहेरचे बरेच होते. त्यांतले एक म्हणजे कुष्ठरोगी.

कुष्ठरोग्याचा प्रसंग इतका महत्त्वाचा का?

बायबलमध्ये कुष्ठ म्हणून सांगितलेल्या व्याधीत त्वचेचे अनेक विकार येत असावेत, असे अभ्यासक मानतात. पण नियम कडक होते. अशा माणसाने फाटके कपडे घालायचे, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगायचे आणि वस्तीबाहेर एकटे राहायचे. त्याला शिवणारा माणूसही अशुद्ध ठरे.

असा एक रोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. येशू त्याला नुसत्या शब्दाने बरे करू शकला असता. पण तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. मार्कच्या शुभवर्तमानात या प्रसंगाचा शेवट विशेष आहे. बरा झालेला माणूस ही गोष्ट सगळीकडे सांगत सुटतो आणि त्यामुळे येशूलाच गावात उघडपणे जाता येत नाही. तो बाहेर निर्जन जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल होते. बाहेरचा आत जातो आणि आतला बाहेर राहतो. ख्रिस्ती विचारात देहधारणाचा अर्थ याच अदलाबदलीत पाहिला जातो.

बाबा आमटे 'आतले' कसे होते?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घरची मोठी जमीनदारी, वडील ब्रिटिश सरकारचे अधिकारी. 'बाबा' हे त्यांचे घरातील लाडाचे नाव. किशोरवयातच हातात स्वतःची बंदूक आली. रानडुकरांची आणि हरणांची शिकार चाले. पुढे गाडी मिळाली, तिच्या गाद्यांना चित्त्याच्या कातड्याची आवरणे होती. इंग्रजी चित्रपटांचे वेड इतके, की ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत आणि हॉलीवूडच्या तारकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

नागपूरला मिशनच्या शाळेत आणि नंतर कायद्याचे शिक्षण झाले. वकिली वरोऱ्यात चांगली चालू लागली. पण तासाभराच्या युक्तिवादाला मिळणारे पैसे आणि शेतमजुराला दिवसभर राबून मिळणारी मजुरी यांतील फरक त्यांना खुपू लागला. १९४२च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले. सेवाग्रामला गांधीजींचा सहवास मिळाला. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना बाबा एकटे भिडले, हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' हे नाव दिले.

१९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे साधनाताई म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. वरोऱ्यात दोघांनी श्रमाश्रम सुरू केला. तिथे वेगवेगळ्या जातींची माणसे एकत्र राहत आणि राबत. बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांची संघटनाही बांधत होते. ते काम काय असते ते स्वतः करून पाहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून त्यांनी काही महिने डोक्यावरून मैला वाहिला.

त्या पावसाळी संध्याकाळी काय घडले?

अशाच एका दिवशी, पाऊस कोसळत असताना, बाबांना गटाराच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. जवळ गेल्यावर ते हलले. तो तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी होता. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, जीव जेमतेम उरलेला. बाबा घाबरले आणि तिथून पळाले.

ज्याला गांधीजींनी अभयसाधक म्हटले, तो शिपायांना भ्याला नव्हता. मैला वाहतानाही तो मागे हटला नव्हता. पण एका मरणाऱ्या माणसाला हात लावायचे धैर्य त्याला झाले नाही. बाबांनी ही गोष्ट लपवली नाही. पुढे आयुष्यभर ते ती सांगत राहिले. जिथे भीती आहे तिथे प्रेम असू शकत नाही, हे त्यांना त्या संध्याकाळी उमगले.

ते परत गेले. तुळशीरामला पावसापासून आडोसा केला, त्याला खाऊ घातले, जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही, पण त्याचा शेवट गटाराच्या कडेला एकट्याने झाला नाही. आनंदवनाची सुरुवात सांगताना अनेकदा करुणेची गोष्ट सांगितली जाते. बाबांच्या लेखी मात्र ती स्वतःच्या भीतीवर मात करण्याची गोष्ट होती.

भीती घालवण्यासाठी बाबांनी काय केले?

पुढचा मार्ग त्यांनी अभ्यासाचा निवडला. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी उभारलेले कुष्ठधाम त्यांनी पाहिले. १९४९ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नसल्याने संशोधन अडत होते. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवले होते. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला रोखण्याची नैसर्गिक क्षमता असते आणि सहज स्पर्शाने तो पसरत नाही. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषधही हाती आले होते. कोलकात्याहून परतल्यावर बाबांनी वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत रुग्णांवर उपचार सुरू केले. रोग बरा होऊ लागला, पण बरा झालेल्या माणसाला घर परत घेत नव्हते. औषध त्वचेवर आणि मज्जातंतूंवर चालत होते, वेशीवर चालत नव्हते.

आनंदवन कसे उभे राहिले?

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारकडून वरोऱ्याबाहेर ५० एकर जमीन मिळाली. ती खडकाळ होती, झुडपांनी भरलेली होती आणि साप-विंचवांचा तिथे सुळसुळाट होता. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. सोबत बाबा, साधनाताई, त्यांची विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला १४ रुपये होते.

इथे जागांची अदलाबदल प्रत्यक्षात झाली. नगरपालिकेचा उपाध्यक्ष, जमीनदाराचा मुलगा वेशीबाहेर राहायला गेला, तेही बायको-मुलांसह. रोग्यांना दिवसा तपासून संध्याकाळी घरी परतणे त्याला शक्य होते. तो तिथेच राहिला, त्यांच्याबरोबर खडक फोडून विहीर खणली, त्यांच्याबरोबर जेवला.

बाबांचा दानावर विश्वास नव्हता. काम माणसाला उभे करते, भीक त्याला मोडते, असे ते मानत. बोटे नसलेल्या हातांनी शेती सुरू झाली आणि पिके आली. मात्र आनंदवनाची भाजी आणि दूध घ्यायला सुरुवातीला वरोऱ्यातील लोक तयार नव्हते. मग बाहेरच्या देशांतील तरुण स्वयंसेवक श्रमदानाला आले. ते रुग्णांसोबत राहतात, त्यांनी पिकवलेले खातात, हे गावाने पाहिले आणि हळूहळू भीती ओसरली.

१९६०च्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर महाविद्यालये सुरू झाली. ज्यांना गावाने हाकलले, त्यांच्या अंगणात आता गावाची मुले शिकायला येऊ लागली. पुढे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, हातमाग, निरनिराळे उद्योग उभे राहिले. १९७३च्या डिसेंबरमध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे राहायला गेले. आनंदवनाची धुरा डॉ. विकास आमटे यांनी सांभाळली.

साम्य कुठे संपते?

बाबांचे आयुष्य म्हणजे नाताळची ख्रिस्ती शिकवण, असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूचा जन्म एकमेव आहे. तो पापातून तारण करण्यासाठी आला आणि हे काम कुठल्याही समाजसेवकाला करता येत नाही. बाबा माणूस होते. भ्यायले, पळाले आणि मग परत फिरले. त्यांनी कोणाला मोक्षाचे आश्वासन दिले नाही. त्यांनी रोजचे काम आणि ताठ मानेचे जगणे देऊ केले.

पण दिशा तीच आहे. वरून मदत खाली पाठवणे वेगळे आणि स्वतः खाली उतरून तिथे राहणे वेगळे. नाताळच्या केंद्रस्थानी हे दुसरे आहे. १९९० मध्ये बाबांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. धर्म आणि अध्यात्माच्या क्षेत्रातील कामासाठी दिला जाणारा हा पुरस्कार एका ख्रिस्ती उद्योजकाने सुरू केला होता. बाबांना तो कोणत्याही धर्मप्रसारासाठी मिळाला नव्हता.

आज याचा अर्थ काय?

मणक्याच्या विकाराने बाबांना अनेक वर्षे बसता येत नव्हते. ते उभे राहत किंवा आडवे होत. तशा अवस्थेत १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले आणि नंतर नर्मदेकाठी कसरावद येथे जाऊन राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांना आनंदवनाच्याच मातीत पुरण्यात आले. वेशीबाहेर गेलेला माणूस मरणानंतरही तिथेच राहिला.

बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग आता साधारण सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. त्वचेवर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसल्यास लगेच तपासून घेणे एवढेच गरजेचे आहे. तरीही चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण आढळतात आणि त्यांतले काही जण गावाला कळेल या भीतीने चट्टा झाकून ठेवतात. उपचाराला उशीर झाला की हातापायांचे नुकसान कायमचे होते. या आठवड्यात घराघरांत गव्हाणीचे देखावे मांडले जातील. त्या देखाव्यातील कुटुंबाला सराईत जागा मिळाली नव्हती आणि तुळशीरामला वरोऱ्यात. चट्टा झाकून बसलेल्या माणसाला आपल्या घरात, आपल्या पंगतीत जागा आहे का, हा प्रश्न २५ डिसेंबरलाही लागू आहे आणि २६ डिसेंबरलाही.