घाटावरचे पाणी

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी पुरोहित घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन ते वडिलांच्या व्यापारात शिरले.

नांदेड-लातूरकडील भागाप्रमाणेच विदर्भही कापसाचा मुलूख. गिरणी मुंबईतच हवी, असा त्या काळचा समज होता. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो तेथेच, नागपूरला, गिरणी उभारली. १८७७ साली ती सुरू झाली.

त्या काळी गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी कोळसा जाळावा लागे. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नव्हत्या. बंगालहून, इतकेच नव्हे तर थेट इंग्लंडहूनही कोळसा आणावा लागे. त्यामुळे कापड महाग पडे. शिवाय उंच धुराड्यांतून निघणारा काळा धूर कामगारांच्या वस्त्यांवर पसरे.

मुंबईपासून थोड्याच अंतरावर सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळे. ते पाणी उंचावरून खाली सोडले, तर त्याच्या वेगाने चक्रे फिरतील व वीज निर्माण होईल, ही कल्पना जमशेटजींच्या मनाने घेतली. अमेरिकेत नायगारा धबधब्यापासून वीज मिळू लागली होती. परंतु नायगारा बारमाही वाहतो. सह्याद्रीतील पाऊस चारच महिन्यांचा. म्हणून पावसाचे पाणी तलावांत साठवून वर्षभर पुरविणे आवश्यक होते.

हे स्वप्न साकार झालेले पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी हे कार्य पुढे नेले. १९१० साली कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधण्यात आले. तेथील पाणी प्रचंड नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस आणले गेले. १९१५ साली तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

मुलांनो, चांगल्या कार्याचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे विसरू नका. पुढे मुळशी येथे असेच धरण बांधताना शेतकऱ्यांच्या जमिनी बुडू लागल्या. तेव्हा १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. वीज शहराला मिळाली. गावे मात्र पाण्याखाली गेली. नवी शक्ती निर्माण करताना न्यायाचाही विचार व्हावा, हा धडा मुळशीने दिला.

मराठवाड्यातही पाण्यापासून वीज निर्माण झाली. नांदेडच्या वरच्या अंगास गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर येलदरी येथे धरण व वीजकेंद्र उभे राहिले. परंतु या भागात पाऊस बेभरवशाचा. २०१६ साली लातूरला पिण्याचे पाणीदेखील मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. धरणेच आटली, तर वीज कोठून मिळणार?

ऊन मात्र येथे उदंड आहे. आज नांदेड-लातूरच्या शिवारांत उन्हावर चालणारे पंप दिसतात. आपल्या भूमीला निसर्गाने काय दिले आहे, हे ओळखून त्याचा उपयोग सर्वांच्या हितासाठी करणे, हीच जमशेटजींची खरी आठवण होय.