‘फिल्मइंडिया’चे बाबुराव

१९४४ साली ‘बॉम्बे टॉकीज’चा ‘ज्वार भाटा’ पडद्यावर आला. त्यातील नायक अगदी नवखा होता; पेशावरच्या एका फळव्यापाऱ्याचा मुलगा. मुंबईतून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाने त्याची जी संभावना केली, ती वैद्याने नाडी पाहून रोग्याला सुनवावे तशी होती. हा तरुण रक्तक्षय झाल्यासारखा दिसतो, त्याला कॅमेऱ्यापेक्षा सकस आहाराची गरज अधिक आहे, असा त्या परीक्षणाचा एकंदर मथितार्थ. तो तरुण म्हणजे दिलीपकुमार. भाकीत साफ कोसळले. पण ते लिहिणाऱ्या माणसाचे वजन त्यामुळे रतिभरही कमी झाले नाही. पुढच्या महिन्याचा अंक आला की चित्रपटसृष्टीतील बडी बडी मंडळी प्रथम स्वतःचे नाव शोधत आणि मग, थोडे सावरून, प्रतिस्पर्ध्याचे.

बाबुराव पटेल यांचा जन्म १९०४ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, पालघरजवळच्या मासवण या गावी झाला. मूळ नाव बाबा पाटील. ‘पाटील’चे ‘पटेल’ पुढे झाले. शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. कॉलेजची पायरी न चढलेल्या या खेडवळ मराठी मुलाने आपले लेखन इंग्रजीत केले, आणि तेही असे की पदवीधरांनी हेवा करावा. हे इंग्रजी क्रमिक पुस्तकांतले नव्हते. त्यात कोट्या होत्या, टोमणे होते, वस्त्याच्या धारेचा उपहास होता आणि कित्येकदा शिवराळपणाच्या सीमेवरून चालत जाणारी बेपर्वाई होती. मूकपटांच्या जमान्यात ते ‘सिनेमा समाचार’साठी लिहू लागले. मधल्या काळात दिग्दर्शनही करून पाहिले; त्या बोलपटांची आज कोणाला आठवण नाही.

१९३५ मध्ये न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसचे मालक पारकर यांच्या साहाय्याने ‘फिल्मइंडिया’ निघाले. भारतीय बोलपट तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. सुशिक्षित घरांत सिनेमाला जाणे हे उनाडपणाचे लक्षण समजले जाई, आणि वृत्तपत्रांतून येणारी परीक्षणे बहुधा निर्मात्याच्या जाहिरातीची पुरवणी असत. अशा वेळी एक माणूस उभा राहिला आणि सिनेमाकडे थिएटरात बसलेल्या, खिशातले पैसे मोजून तिकीट काढलेल्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहू लागला. आपले पैसे वसूल झाले की नाही, हा त्या प्रेक्षकाचा पहिला प्रश्न. बाबुरावांच्या परीक्षणांचा पाया हाच होता. कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, अभिनय अशा प्रत्येक अंगाचा ते हिशेब मांडत. पण हिशेबामागे बसलेला माणूस पंडित नव्हता, चाहता होता. चाहत्याचा राग हा अपेक्षाभंगाचा राग असतो. म्हणूनच त्याला धार असते आणि म्हणूनच तो अनेकदा अन्यायीही असतो.

मासिकाचे रूपही देखणे होते. स. म. पंडितांसारख्या चित्रकाराने रंगवलेली चित्रे, आर्ट पेपरवरच्या रंगीत जाहिराती, नट-नट्यांची पूर्ण पानभर छायाचित्रे. ‘जूडास’ या टोपणनावाने चालणारे ‘बॉम्बे कॉलिंग’ हे सदर बाबुराव स्वतः लिहीत आणि त्यात चित्रनगरीच्या कुजबुजीपासून राजकारणापर्यंत काहीही येई. पण खरी लोकप्रियता होती ती वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांची. दूरदूरच्या गावांतून तरुण मुले प्रश्न पाठवीत. अमुक नटीचे लग्न झाले आहे काय, मला नट व्हायचे आहे तर काय करू, प्रेम आणि मोह यांत फरक कोणता. बाबुराव एका ओळीत उत्तर देत आणि बहुधा विचारणाऱ्याचीच टोपी उडवत. आपली फजिती छापून यावी यासाठी लोक पैसे खर्चून टपाल पाठवतात, हे दृश्य आपल्या पत्रसृष्टीत तोवर कोणी पाहिले नव्हते. लाहोरला शिकत असताना देव आनंदही या मासिकाचे भक्त होते आणि एका वाक्यात चित्रपट तारणाऱ्या वा बुडवणाऱ्या या संपादकाचे आकर्षण त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

त्या एका वाक्याची ताकद मात्र थोडी तपासून घेतली पाहिजे. १९४३ चा ‘किस्मत’ घ्या. अशोककुमारने त्यात खिसेकापू रंगवला होता. गुन्हेगाराला नायक करून तरुणांपुढे वाईट आदर्श ठेवल्याबद्दल ‘फिल्मइंडिया’ने चित्रपटाला फैलावर घेतले. प्रेक्षकांनी काय केले? कलकत्त्याच्या ‘रॉक्सी’त तो तीन वर्षांहून अधिक काळ चालवला. म्हणजे बाबुरावांची टीका वाचून लोक खूश होत आणि मग ज्या चित्रपटावर ती टीका झाली तोच पाहायला जात. या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटत नसे, आणि ती नव्हतीही. परीक्षण ही स्वतंत्र करमणूक झाली होती. तिचा धसका घेतला तो निर्मात्यांनी, वितरकांनी आणि अर्थातच नट-नट्यांनी. शांता आपटे यांनी थेट कार्यालयात शिरून बाबुरावांवर छडी उगारल्याची कथा चित्रनगरीत वर्षानुवर्षे रंगवून सांगितली जाई. १९३९ मध्ये ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषणाला बसलेल्या या मानी अभिनेत्रीबद्दल ती सहज खरी वाटे, यातच दोघांच्याही स्वभावाची साक्ष आहे.

या लेखणीचा सर्वांत सार्थ उपयोग झाला तो १९३८-३९ मध्ये. ‘द ड्रम’ आणि पाठोपाठ ‘गंगा दीन’ हे परदेशी चित्रपट भारतीयांना कपटी आणि रानटी रंगवीत होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे तरुण समीक्षक ख्वाजा अहमद अब्बास आणि बाबुराव यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. ‘द ड्रम’वरून मुंबईत निदर्शने झाली आणि तो पडद्यावरून उतरवावा लागला, ‘गंगा दीन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली. सिनेमा ही निव्वळ करमणूक नसून एका देशाची दुसऱ्या देशातील प्रतिमा त्यातून घडते, ही जाणीव तेव्हा फारच थोड्यांना होती. ज्या मासिकाला लोक नट्यांच्या चित्रांसाठी घेत, त्याने ती त्यांच्या गळी उतरवली.

बाबुरावांच्या दरबारात माणसेही कोणती कोणती येऊन गेली! सआदत हसन मंटो त्यांच्या ‘कारवाँ’ या उर्दू साप्ताहिकात काही काळ होते. मंटोंनी पुढे त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले. इतके तल्लख लिहिणारा माणूस दिसायला असा राकट, शेतकरी वाटावा असा असेल याचा त्यांना बसलेला धक्का त्यात आहे, आणि त्या राकटपणाखालच्या मायेची नोंदही आहे. अडचणीतल्या माणसाला मदत करताना बाबुराव हात आखडता घेत नसत. छापील बाबुराव आणि घरातले बाबुराव हे जणू दोन वेगळे इसम होते. पाली हिलवरच्या ‘गिरनार’ बंगल्यात ते होमिओपॅथीची औषधे देत. त्यांच्या पत्नी सुशीलाराणी या जयपूर-अत्रौली घराण्याच्या, मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या गायिका. मासिकाचा मोठा भार त्यांनी उचलला, ‘हायसिंथ’ या नावाने लेखनही केले. मधुबाला आपल्याकडे इंग्रजी शिकायला येत असे, अशी आठवण त्या सांगत.

याच सुशीलाराणींना नायिका करून बाबुरावांनी १९४४ मध्ये ‘द्रौपदी’ आणि १९४६ मध्ये ‘ग्वालन’ काढला. साऱ्या हिंदुस्थानातील दिग्दर्शकांना धडे देणारा हा गृहस्थ स्वतः काय करून दाखवतो, याकडे अर्थातच सगळ्यांचे डोळे लागले होते. दोन्ही चित्रपट आपटले. आजवर ज्यांनी निमूटपणे मार खाल्ला होता त्यांना यापेक्षा मोठा सण कोणता? परीक्षकाला स्वतः चित्रपट काढता आला पाहिजे, अशी अट घालणे मुळातच चुकीचे. ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही आमटी खारट झाल्याचे कळते. पण बाबुरावांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. ‘फिल्मइंडिया’चा डोलारा निर्मात्यांच्या जाहिरातींवर उभा होता, आणि आता त्यांचा संपादक स्वतःच निर्माता होऊन त्यांच्या रांगेत उभा राहिला होता. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची जागा त्याने आपण होऊन सोडली होती.

तरीही चांगले दिसले की त्यांचा हात मोकळा सुटे. १९५७ मध्ये मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ आला तेव्हा बाबुरावांनी त्याला भारतात निर्माण झालेला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवले आणि नर्गिसच्या जागी दुसऱ्या कोणत्याही अभिनेत्रीची कल्पना करता येत नाही, असा निर्वाळा दिला. बावीस वर्षे वार करून झाल्यावरही त्यांच्यातला चाहता थकला नव्हता. निंदेइतकीच त्यांची स्तुतीही अतिशयोक्त असे. मधले माप त्यांच्यापाशी नव्हतेच.

हे माप नसणे पुढे महागात पडले. फाळणीनंतर त्यांच्या लेखनात पाकिस्तानद्वेष आणि मुस्लिमद्वेष वाढत गेला. लाहोरला गेलेल्या मंटोंनाही या बदलाची बोच लागली. १९६० च्या सुमारास ‘फिल्मइंडिया’ मागे पडले आणि ‘मदर इंडिया’ हे राजकीय मासिक पुढे आले. नाव त्या चित्रपटाचे, पण आता परीक्षण होऊ लागले ते देशाचे. शैली तीच, बेधडकपणाही तोच. मात्र पडद्यावरच्या खोट्या दाढीची जी टिंगल विनोद म्हणून खपून जाते तीच पद्धत माणसांच्या समूहाला लावली की तिचा अर्थ बदलतो, याचे भान त्यांनी राखले नाही. १९६७ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून जनसंघाच्या उमेदवारीवर ते लोकसभेत गेले. ‘मदर इंडिया’तील दोन लेखांवरून धर्माधर्मांत तेढ पसरवल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. इतिहासाची चिकित्सा केल्याचा त्यांचा बचाव ग्राह्य धरला गेला नाही आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारा निर्णय कायम ठेवला. त्यांच्या चाहत्यांना हे प्रकरण चरित्रातून वगळावेसे वाटते, तर विरोधकांना उरलेले सगळेच. दोन्ही सोयीचे आहे. दिलीपकुमारच्या गालफडांवर कोटी करणारा आणि न्यायालयात उभा राहिलेला बाबुराव हा एकच माणूस होता.

१९८२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. सुशीलाराणींना पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला; २०१४ मध्ये त्याही गेल्या. २०१५ मध्ये पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांचे या दांपत्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि नव्या पिढीला हे नाव पुन्हा भेटले. ‘फिल्मइंडिया’चे पुष्कळ जुने अंक आता डिजिटल रूपात जतन झाले आहेत आणि चित्रपटांच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे वळल्यावाचून राहत नाहीत. त्याचे एक कारण काहीसे विचित्र आहे. तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांतील कितीतरी बोलपटांची एकही प्रत उरलेली नाही. फिल्म जळाली, कुजली किंवा चांदीसाठी वितळवली गेली. त्यातल्या अनेकांबद्दल आज जे काही कळते ते बाबुरावांनी महिन्याच्या महिन्याला, घाईत आणि बहुधा चिडून लिहिलेल्या त्या पानांतून. नट कसा चालला, गाणे कुठे लांबले, थिएटरात लोक कशाला हसले हे त्यांनी टिपून ठेवले आहे. ते खरे होते की नाही हे ठरवायला मात्र चित्रपटच शिल्लक नाही.