पुलंना जडलेला कंपवात: मेंदूतला डोपामिन स्कॅनमध्ये कसा दिसतो?

पु. ल. देशपांडे गेले १२ जून २००० रोजी, पुण्यात. शेवटच्या काळात त्यांना पार्किन्सन्सने, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कंपवाताने, घेरले होते.

८ नोव्हेंबर १९१९ला मुंबईत जन्मलेल्या, पार्ल्यात वाढलेल्या पुलंचे भांडवल काय होते? हात, चेहरा आणि आवाज. पेटीवर फिरणारी बोटे, एकट्याने रंगमंचावर उभी केलेली अख्खी ‘बटाट्याची चाळ’. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त तर कथा, संगीत, दिग्दर्शन त्यांचे आणि नायकही तेच. कंपवात नेमका इथेच घाव घालतो. हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहरा गोठल्यासारखा होतो. १९९६च्या महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या वेळी पुलंचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले.

या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. (पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. व्यसनामागेही हाच डोपामिन असतो, हा योगायोगच.) नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, ही झीज सहसा दिसत नाही. त्यामुळे पुलंच्या काळात निदान व्हायचे ते डॉक्टरांच्या नजरेने आणि हाताने. आजही मुख्य भिस्त त्यावरच आहे.

डोपामिनच्या मज्जातंतूंची टोके दाखवणाऱ्या ‘डॅटस्कॅन’च्या औषधाला युरोपात परवानगी मिळाली जुलै २०००मध्ये. पुलंना जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. भारतात ‘ट्रोडॅट’ स्कॅन होतो. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे ठसठशीत आकार उमटतात. कंपवातात आधी त्यांची शेपटी पुसली जाते आणि उरतो तो पूर्णविरामासारखा ठिपका.

हा स्कॅन सगळ्यांना लागत नाही. हात थरथरतो तो कंपवाताने की नुसत्या आनुवंशिक कंपाने, की एखाद्या औषधाच्या परिणामाने, असा पेच पडला की तो कामाला येतो. मात्र कंपवात आणि त्याच्यासारखे दिसणारे इतर झिजेचे आजार तो खात्रीने वेगळे करू शकत नाही.

ट्रोडॅटमधल्या टेक्नेशियमची किरणोत्सारी शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते. म्हणून ते त्याच दिवशी तयार करून टोचावे लागते आणि त्यासाठी गॅमा कॅमेरा असलेले केंद्र लागते. मुरूड, श्रीवर्धन, अलिबागच्या रुग्णांना त्यासाठी सहसा मुंबई किंवा नवी मुंबई गाठावी लागते. इंजेक्शननंतर तीन-चार तासांनी प्रतिमा घेतात, तेव्हा मांडव्याच्या परतीच्या बोटीचा हिशेब त्या बेताने ठेवावा. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. काही औषधांनी प्रतिमा बदलते, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.