काचा खाली, सर!
नगरचं ऊन आणि पार्किंगमध्ये तापलेली कार! लांबूनच किल्लीचं अनलॉक बटण दाबून धरलं की काही गाड्यांच्या चारही काचा खाली येतात. हे काम रेडिओ लहरींचं. अशाच अदृश्य लहरी कोलकात्यात खेळवल्या होत्या जगदीशचंद्र बोस यांनी.

जन्म १८५८चा. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. भारतीय म्हणून पगार इंग्रजांपेक्षा कमी. सरांनी तो घेतलाच नाही, तीन वर्षं तसंच शिकवलं. शेवटी थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला.

१८९५ मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, तीही वायरशिवाय. पेटंटमधून पैसा कमावण्यात मात्र त्यांना रस नव्हता. १९३७ मध्ये ते गेले. पगार हक्काचा, शोध सगळ्यांचा, असा त्यांचा साधा हिशेब!