हिमनद्यांचे यात्रेकरू जॉन म्यूर

प्रवासास निघणाऱ्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो मार्गाचा. कोणत्या ऋतूंत निघावें, कोणत्या वाहनानें जावें, कोठें किती थांबावें आणि वाट कोणास विचारावी, हें ज्यास नीट ठरवितां येतें त्याचा प्रवास सफल होतो. इतर लोक केवळ अंतर तोडून परत येतात. अमेरिकेच्या वायव्य टोंकाच्या अलास्का प्रांतांत समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या आहेत. त्या पाहण्यासाठीं आज दर उन्हाळ्यांत मोठमोठ्या आगबोटी जातात, आणि कोणती खाडी निवडावी हा विचार उतारूंस पडतो. हाच विचार इ. स. १८७९ सालीं ज्यांनीं एका होडीसाठीं केला, त्या जॉन म्यूर यांचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

म्यूर यांचा जन्म ता. २१ एप्रिल १८३८ रोजीं स्कॉटलंडांतील डनबार या समुद्रकांठच्या गांवीं झाला. ते अकरा वर्षांचे असतांना, १८४९ सालीं, त्यांच्या वडिलांनीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत शेती सुरू केली. वडील अत्यंत करड्या शिस्तीचे होते. त्यांच्या धाकाखालीं मुलानें संपूर्ण नवा करार व जुन्या कराराचा बराचसा भाग तोंडपाठ केला, आणि दिवसभर शेतांत कष्ट केले. पुढें विस्कॉन्सिनच्या विद्यापीठांत त्यांनीं कांहीं काळ वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. परंतु पदवी घेतली नाहीं.

१८६७ सालीं इंडियानापोलिस शहरांतील एका कारखान्यांत काम करीत असतां हातांतील कानस निसटून त्यांच्या उजव्या डोळ्यांत शिरली, आणि थोड्याच वेळांत दुसऱ्या डोळ्यासही दिसेनासें झालें. कित्येक आठवडे त्यांस अंधाऱ्या खोलींत पडून राहावें लागलें. दैवानें दृष्टि परत मिळाली. तेव्हां तिचा उपयोग ईश्वराची सृष्टि पाहण्याकडे करावयाचा असा त्यांनीं निश्चय केला. त्याच वर्षीं त्यांनीं मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारें एक हजार मैल पायीं प्रवास केला, आणि १८६८ सालीं ते कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या दरींत येऊन पोहोंचले.

ही दरी कशी झाली याविषयीं त्या वेळीं वाद होता. जमीन एकाएकीं खचून ती झाली, असें त्या प्रांताचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी यांचें मत होतें. म्यूर यांस खडकांवरील घांसल्याच्या खुणा पाहून वाटूं लागलें कीं, ही दरी कोरण्याचें काम हिमनद्यांनीं केलें असावें. उंच डोंगरांत वर्षानुवर्षें सांठणारें हिम आपल्याच भारानें दाबलें जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो, व तो बर्फ उतारावरून अतिशय सावकाश वाहूं लागतो, हीच हिमनदी. जातां जातां ती खालचा खडक घांसते व कोरते. १८७२ सालीं म्यूर यांनीं तेथील एका बर्फाच्या थरांत काठ्या रोवून कांहीं आठवड्यांनीं मोजमाप घेतलें, तों तो बर्फ दररोज सुमारें एक इंच पुढें सरकत असल्याचें आढळून आलें. दरीच्या घडणींत पाण्याचाही मोठा वांटा आहे असें पुढें ठरलें. परंतु हिमनद्यांविषयींचें त्यांचें म्हणणें खरें निघालें.

तथापि कॅलिफोर्नियांतील हिमनद्या लहान होत्या. मोठ्या हिमनद्या आपलें काम कसें करतात हें प्रत्यक्ष पाहावें, या इच्छेनें ते १८७९ सालीं अलास्कांतील फोर्ट रँगेल या बंदरीं गेले. तेथें रेव्हरंड यंग नांवाचे तरुण मिशनरी होते. त्यांचा व म्यूर यांचा स्नेह जडला. दोघे एक पर्वत चढत असतां यंग घसरून पडले व त्यांचे दोन्ही खांदे निखळले. म्यूर यांनीं रात्रभर खपून, त्यांस आधार देत व उचलून घेत, खालीं सुखरूप आणलें.

ऑक्टोबर महिन्यांत दोघांनीं होडीनें निघण्याचें ठरविलें. म्यूर यांस हिमनद्या पाहावयाच्या होत्या, तर यंग यांस किनाऱ्यावरील ट्लिंगिट लोकांच्या गांवांस भेट देऊन त्यांची लोकसंख्या जाणून घ्यावयाची होती. त्यामुळें दोघांचेंही कार्य साधेल असा मार्ग आंखला गेला. होडी देवदाराच्या लांकडाची असून ती टोयाटी नांवाच्या वृद्ध ट्लिंगिट सरदाराची होती. त्याच्याबरोबर आणखी तिघे नावाडी होते. हिंवाळा तोंडावर आला असतां निघणें घरच्या माणसांस पसंत नव्हतें. टोयाटीची पत्नी तर आपला पति परत येणार नाहीं या भीतीनें रडली.

नावाड्यांपैकीं चार्ली नांवाच्या गृहस्थानें सांगितलें कीं, लहानपणीं सील प्राण्यांच्या शिकारीस तो एका बर्फाच्या खाडींत गेला होता, व तेथें झाडें नसल्यामुळें जळाऊ लांकूड बरोबर न्यावें लागेल. म्यूर यांच्याजवळ इंग्रज दर्यावर्दी व्हँकूव्हर यांचा नकाशा होता. परंतु त्यांत अशी खाडी कोठेंच नव्हती. नकाशा खोटा नव्हता, तर जुना झाला होता. १७९४ सालीं व्हँकूव्हर यांच्या माणसांनीं पाहणी केली तेव्हां खाडीचें तोंड बर्फानें जवळजवळ भरलेलें होतें. मधल्या ८५ वर्षांत बर्फ ३० मैलांहून अधिक मागें हटून तेथें पाणी आलें होतें. म्यूर यांनीं नकाशा बाजूस ठेविला, चार्लीच्या सांगण्यावर विश्वास ठेविला, आणि वाटेंत हूना लोकांपैकीं एक वाटाड्याही घेतला.

खाडींत शिरल्यावर पाऊस व हिम यांनीं त्यांस गांठलें. रविवार आला. यंग यांनीं विश्रांतीचा दिवस तंबूंत पाळला. म्यूर मात्र एकटेच डोंगर चढून गेले. घटकाभर ढग उघडले, आणि खालीं बर्फाच्या तुकड्यांनीं भरलेलें पाणी व त्यास मिळणाऱ्या पांच प्रचंड हिमनद्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. आम्हांस वाटतें कीं दोघांनींही आपापल्या परीनें तो दिवस ईश्वरासच वाहिला. परत येऊन पाहतात तों नावाडी घाबरून माघारीं फिरण्याच्या गोष्टी बोलत होते. म्यूर यांनीं त्यांस ईश्वरावर भरंवसा ठेवावयास सांगून धीर दिला, तेव्हां टोयाटी पुढें जावयास तयार झाला. याप्रमाणें ते खाडीच्या वरच्या टोंकापर्यंत पोहोंचले, व नोव्हेंबरांत सर्वजण सुखरूप परतले.

म्यूर यांच्या लेखांनीं त्या खाडीची कीर्ति पसरली. १८८३ सालापासून उतारूंच्या आगबोटी तेथें जाऊं लागल्या, व एका मोठ्या हिमनदीस म्यूर यांचें नांव मिळालें. १८९० सालीं तेही आगबोटीनेंच गेले. परंतु बोट निघून गेल्यावर मागें राहिले, आणि त्यांनीं बर्फावरील घसरगाडी ओढीत एकट्यानें बर्फावर कित्येक दिवस काढले. सप्टेंबर १८९९ मध्यें मोठा भूकंप होऊन म्यूर हिमनदीचें तोंड ढासळलें. खाडी बर्फानें इतकी कोंडली कीं कित्येक वर्षें आगबोटींस तिच्याजवळ जातां येईना. ता. २४ डिसेंबर १९१४ रोजीं म्यूर निवर्तले. १९२५ सालीं ती खाडी सरकारनें राखून ठेविली, व १९८० सालीं तिचें राष्ट्रीय उद्यान झालें. आज तेथें एका दिवसांत दोनच मोठ्या आगबोटींस प्रवेश मिळतो. म्यूर हिमनदी आतां इतकी मागें गेली आहे कीं ती समुद्रास मिळतच नाहीं. म्हणून बोटी पश्चिमेच्या फांट्यांतील मार्जरी हिमनदीकडे वळतात.

यावरून प्रवास करणारानें काय घ्यावें? हिमनदी देवळाप्रमाणें एका जागीं उभी नसते. कालचा नकाशा आज चुकूं शकतो. म्हणून ज्या मार्गांत अनेक ठिकाणें ओझरतीं दिसतात त्यापेक्षां जेथें एका ठिकाणीं पुरेसा वेळ थांबतां येतें तो मार्ग पत्करावा, आणि तेथें राहणारांस विचारावें. म्यूर यांचें नांव हिमनदीस मिळालें. परंतु चार्लीनें वाट सांगितली नसती व टोयाटीनें होडी दिली नसती, तर ती खाडी त्यांस त्या वर्षीं दिसली नसती. टोयाटी पुढच्याच जानेवारींत, रँगेल येथें दोन जमातींमधील तंटा मिटविण्यास पुढें झाला असतां, गोळी लागून मरण पावला. म्यूर यांचें स्मरण करतांना आमच्या वाचकांनीं या दोन नांवांचेंही स्मरण ठेवावें, अशी आमची विनंति आहे.