फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (जन्मनाव: फारोख बलसारा, जन्म: ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार – मृत्यू: २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ब्रिटिश रॉक गायक, गीतकार, संगीतकार व पियानोवादक होते. ‘क्वीन’ या बँडचे मुख्य गायक म्हणून त्यांना जगभर कीर्ती लाभली. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले आणि त्यांचा पहिला बँडही तेथेच स्थापन झाला. रंगमंचावर हजारो श्रोत्यांना गायला लावणाऱ्या या कलावंताने आपले मूळ, आपली नाती व आपला आजार यांविषयी मात्र आयुष्यभर मौन पाळले. एड्समुळे वयाच्या ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

## प्रारंभिक जीवन

फारोख यांचा जन्म झांझिबारमधील स्टोन टाउन येथे झाला. झांझिबार तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होते. वडील बोमी बलसारा हे तेथील न्यायालयात ब्रिटिश शासनाच्या सेवेत रोखपाल होते. आईचे नाव जेर. हे कुटुंब मूळचे गुजरातमधील बलसाडचे (आताचे वलसाड) असून त्यावरूनच बलसारा हे आडनाव आले. धाकटी बहीण कश्मिरा हिचा जन्म १९५२ साली झाला.

वयाच्या आठव्या वर्षी फारोख यांना समुद्रमार्गे भारतात पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत दाखल करण्यात आले. पूर्व आफ्रिकेतील अनेक भारतीय कुटुंबे त्या काळी मुलांना शिक्षणासाठी भारतात पाठवीत असत. घर दूर असल्याने फारोख यांच्या बऱ्याच सुट्ट्या मुंबईतील नातेवाइकांकडे जात. शाळेत त्यांना सर्वजण फ्रेडी म्हणू लागले आणि पुढे त्यांनी स्वतःही हेच नाव स्वीकारले. पियानोचे रीतसर शिक्षण त्यांनी येथेच घेतले. रेडिओवर ऐकलेले गाणे लगेच पियानोवर वाजवून दाखवण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. चित्रकला, टेबल टेनिस व मुष्टियुद्ध यांतही त्यांना गती होती. लता मंगेशकर यांच्या गायनाचा त्यांच्यावर लहानपणी संस्कार झाल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत आढळतो.

वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी चार शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड स्थापन केला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदींची गाणी हा बँड शालेय कार्यक्रमांत सादर करी. फ्रेडी या बँडमध्ये पियानो वाजवीत. मुख्य गायक ब्रूस मरे हे होते. अन्य सदस्यांपैकी डेरिक ब्रँच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेते झाले, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात उच्च पदापर्यंत पोहोचले.

१९६३ साली फ्रेडी झांझिबारला परतले. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथली गेली. अरब व भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला निघून गेले. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथे त्यांनी घर केले. फ्रेडी यांनी १९६९ साली ईलिंग कला महाविद्यालयातून आरेखनकलेची पदविका मिळवली. या काळात त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान हाताळण्याचे कामही केले.

## क्वीन

‘आयबेक्स’ व ‘सॉर मिल्क सी’ या बँडमध्ये काही काळ गायल्यानंतर १९७० साली त्यांनी गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह नवा बँड उभारला. क्वीन हे नाव त्यांनीच सुचवले. याच सुमारास त्यांनी बलसारा हे आडनाव बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन यांच्या आगमनाने बँडची चौकडी पूर्ण झाली आणि ती मर्क्युरी यांच्या निधनापर्यंत अभंग राहिली. चौघांच्या राशींवर आधारित बँडचे बोधचिन्ह मर्क्युरी यांनी रेखाटले.

१९७५ साली प्रकाशित झालेले, मर्क्युरी यांनी रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गीत धृपदाशिवाय पुढे सरकते आणि त्याच्या मध्यभागी ऑपेराच्या शैलीतील भाग येतो. त्यातील विशाल समूहगान प्रत्यक्षात मर्क्युरी, मे व टेलर या तिघांचेच असून त्यांचे आवाज फितीवर पुनःपुन्हा एकावर एक ध्वनिमुद्रित करून तो परिणाम साधला गेला. एवढे लांब गाणे रेडिओवर वाजणार नाही, अशी शंका ध्वनिमुद्रिका कंपनीला होती. तथापि ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. ‘किलर क्वीन’, ‘वुई आर द चॅम्पियन्स’, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ व ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ ही त्यांची अन्य प्रसिद्ध गीते होत.

बँडमधील चारही जण स्वतंत्रपणे गीते रचीत आणि ज्याचे गीत त्याच्याच नावावर प्रसिद्ध होई. मानधन त्यानुसार ठरत असल्याने कोणते गाणे निवडावे यावरून वाद होत. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून सर्व गीते चौघांच्या नावे प्रसिद्ध करण्याचा निर्णय झाला. मर्क्युरी तेव्हा गंभीर आजारी होते.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमातील क्वीनचे सुमारे २० मिनिटांचे सादरीकरण रॉक संगीतातील सर्वोत्तम सादरीकरणांपैकी एक मानले जाते. तत्पूर्वी, १९८४ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केल्यामुळे बँडवर तीव्र टीका झाली होती. मर्क्युरी यांचा क्वीनसोबतचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाला.

## अन्य कलावंतांसोबतचे कार्य

### डेव्हिड बोवी

१९८१ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे क्वीनचे ध्वनिमुद्रण सुरू असताना डेव्हिड बोवी तेथे आले आणि सहज सुरू झालेल्या वादनातून ‘अंडर प्रेशर’ हे गीत आकारास आले. दुसऱ्याने काय गायले हे न ऐकता दोघांनी सुरावटी स्वतंत्रपणे गाव्यात आणि मग त्यांतील भाग निवडून जोडावेत, अशी पद्धत अवलंबण्यात आली. शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर गायलेल्या मर्क्युरी यांच्या ताना अंतिम गाण्यात तशाच ठेवल्या गेल्या. हे गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले, परंतु दोघांनी ते रंगमंचावर एकत्र कधीही गायले नाही.

### मायकेल जॅक्सन

१९८३ साली मर्क्युरी यांनी कॅलिफोर्नियात मायकेल जॅक्सन यांच्या घरातील स्टुडिओत तीन गीतांची प्राथमिक ध्वनिमुद्रणे केली. मात्र दोघांच्या हयातीत त्यांतील एकही एकत्रित स्वरूपात प्रकाशित झाले नाही. ‘स्टेट ऑफ शॉक’ हे गीत पुढे जॅक्सन बंधूंनी मिक जॅगर यांच्यासह गायले. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे मर्क्युरी यांनी १९८५ च्या ‘मिस्टर बॅड गाय’ या आपल्या एकल अल्बममध्ये घेतले. दोघांच्या आवाजातील आवृत्ती २०१४ साली प्रकाशित झाली.

### मोन्सेरात काबाये

मर्क्युरी यांनी १९८३ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये स्पॅनिश गायिका मोन्सेरात काबाये यांचे गायन ऐकले आणि ते त्यांच्या आवाजाचे निस्सीम चाहते झाले. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोना येथे दोघांची भेट झाली. पियानोवादक व संगीतकार माइक मोरान यांच्या साहाय्याने तयार केलेली एक रचना मर्क्युरी यांनी त्यांना ऐकवली आणि त्यातून पूर्ण अल्बमची योजना ठरली. काबाये यांचे दौरे सतत सुरू असल्याने मर्क्युरी त्यांच्या वाट्याच्या ओळीही स्वतःच उंच स्वरात गाऊन त्या फिती त्यांच्याकडे पाठवीत. ‘बार्सिलोना’ हा अल्बम १९८८ साली प्रकाशित झाला. याच काळात मर्क्युरी यांना एड्सचे निदान झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार्सिलोना येथे काबाये यांच्यासह केलेले सादरीकरण हे त्यांचे रंगमंचावरील अखेरचे सादरीकरण ठरले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी या अल्बमचे शीर्षकगीत जगभर ऐकले गेले; तोवर मर्क्युरी हयात नव्हते.

## व्यक्तिगत जीवन

मर्क्युरी मुलाखती देण्यास नाखूश असत. आपल्या भारतीय व पारशी पार्श्वभूमीविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलले. स्थलांतरितांविषयी तत्कालीन ब्रिटिश समाजात असलेला पूर्वग्रह हे त्यामागील एक कारण असावे, असे काही अभ्यासक मानतात.

बँडच्या उभारणीच्या काळात त्यांचा मेरी ऑस्टिन यांच्याशी स्नेह जुळला. ऑस्टिन लंडनमधील ‘बीबा’ या दुकानात काम करीत. दोघे अनेक वर्षे एकत्र राहिले आणि त्यांनी विवाहाचाही विचार केला होता. १९७६ च्या सुमारास मर्क्युरी यांनी आपल्याला पुरुषांविषयी आकर्षण असल्याचे त्यांना सांगितले आणि हे सहजीवन संपले. त्यांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे गीत ऑस्टिन यांना उद्देशून असल्याचे मानले जाते.

इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खासगी समलैंगिक संबंध १९६७ साली गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले होते. तथापि सामाजिक स्वीकृती फारशी नव्हती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्क्युरी यांचे बरेच वास्तव्य म्युनिक येथे होते. तेथील स्वैर रात्रजीवन, मद्य व अमली पदार्थ यांमुळे त्यांच्या कामावर परिणाम झाला आणि बँडमधील तणावही वाढला. तेथे ऑस्ट्रियन अभिनेत्री बार्बरा व्हॅलेंटिन यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध होते. १९८७ साली पॉल प्रेंटर या त्यांच्या माजी व्यक्तिगत व्यवस्थापकाने त्यांच्या खासगी आयुष्याची माहिती ‘द सन’ या वृत्तपत्राला विकली. त्यानंतर मर्क्युरी मोजक्याच लोकांत वावरू लागले.

१९८५ पासून आयरिश केशकर्तनकार जिम हटन हे त्यांचे जोडीदार होते. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील ‘गार्डन लॉज’ या घरी दोघे एकत्र राहत. बाहेरच्या लोकांपुढे हटन यांची ओळख या घराचे माळी अशी करून दिली जाई.

## आजार व निधन

एप्रिल १९८७ च्या अखेरीस मर्क्युरी यांना एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या आजारावर प्रभावी उपचार उपलब्ध नव्हते. संयुक्त औषधोपचार पद्धती १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रचारात आली. वृत्तपत्रे त्यांच्या खालावलेल्या प्रकृतीविषयी सतत तर्क करीत असताना मर्क्युरी यांनी आजाराचा इन्कार केला. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पुरस्कार सोहळ्यात ते अखेरचे जाहीरपणे दिसले.

शरीर साथ देत नसतानाही त्यांचे काम थांबले नाही. ‘इन्युएन्डो’ हा अल्बम फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतरही बँडला मागे वापरता यावे म्हणून ते माँत्रोच्या स्टुडिओत जमेल तेवढे गाऊन ठेवीत. त्यांपैकी ‘मदर लव्ह’ हे गीत अपुरे राहिले आणि त्याचे शेवटचे कडवे ब्रायन मे यांनी गायले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी एका निवेदनाद्वारे त्यांनी आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर रोजी, एड्समुळे उद्भवलेल्या श्वासनलिका व फुप्फुसाच्या दाहाने गार्डन लॉज येथे त्यांचे निधन झाले. आजार आधी जाहीर केला असता तर जनजागृतीस मदत झाली असती, अशी टीका त्यांच्यावर झाली. तर रुग्णाला खासगीपणाचा अधिकार असतो, असे त्यांच्या निकटवर्तीयांचे म्हणणे होते. लंडन येथे पारशी धर्मगुरूंनी अंत्यविधी केल्यानंतर त्यांच्या पार्थिवावर दहनसंस्कार झाले. त्यांच्या अस्थींचे स्थान ऑस्टिन यांनी गुप्त ठेवले आहे.

मृत्युपत्रानुसार गार्डन लॉज व संपत्तीचा मोठा वाटा ऑस्टिन यांना मिळाला. हटन यांना पाच लाख पौंड देण्यात आले. मात्र काही महिन्यांतच त्यांना घर सोडावे लागले. समलिंगी जोडीदाराला ब्रिटनमध्ये कायदेशीर स्थान डिसेंबर २००५ पासून मिळू लागले. हटन यांचे २०१० साली निधन झाले.

## वारसा

निधनानंतर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रकाशित होऊन ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा प्रथम क्रमांकावर पोहोचले आणि त्यातून मिळालेली रक्कम एड्सविषयक कार्यासाठी देण्यात आली. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या स्मरणार्थ कार्यक्रमात बोवी यांनी ॲनी लेनॉक्स यांच्यासह ‘अंडर प्रेशर’ गायले. याच वर्षी स्थापन झालेला ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ एड्स प्रतिबंधाच्या कामास साहाय्य करतो.

मर्क्युरी यांनी गायलेली उर्वरित गीते ‘मेड इन हेवन’ (१९९५) या अल्बममध्ये समाविष्ट झाली. १९९६ साली माँत्रो येथे सरोवराच्या काठी त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात त्यांची भूमिका करणाऱ्या रामी मालेक यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. झांझिबार येथे २०१९ साली त्यांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. मर्क्युरी यांनी क्वीनसह भारतात कधीही कार्यक्रम केला नाही. तरीही पाचगणीची त्यांची शाळा पाहण्यासाठी देशोदेशींचे चाहते येत असतात.